बाबांची गाडी बंद पाडण्याविषयी

डिअरबॉर्न, मिशिगन
१९ मे १९९४

प्रिय झिगीदादा,

तुला आणि लॉरेनवहिनीला धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. म्हणजे वाकून केला असं समज. प्रत्यक्षात वाकता येत नाही, कंबर धरली आहे, आणि ती का धरली ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा दमा फ्लोरिडाच्या दमट हवेत कमी झाला की वाढला? तुमच्या घरामागच्या तळ्यातली ती मगर अजून आहे का? (ती कुणाला काही करत नाही, असं तू म्हणाला होतास. आमच्या गल्लीत बाबांबद्दलही सगळे हेच म्हणतात.) इकडे हवा छान आहे. बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन नेलं, त्यामुळे लोकांनी गॅरेजमधल्या ठेवणीतल्या गाड्या बाहेर काढल्या आहेत, आणि रविवारी बघावं तर निम्मं गाव हातात फडकं घेऊन आपापल्या गाडीची पाठ चोळत उभं असतं.

फोन करायचा सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं तुझ्या मनात आलं असेल. अरे, फोन आहे स्वयंपाकघरात, आणि बाबांचे डोळे जसे गेले तसे कान असे तयार झाले आहेत की मी फोनवर हळूच 'बाबा' म्हटलं तरी ते अंगणातून 'काय गं?' म्हणून ओ देतात. त्यात विषय बाबांच्याच गाडीचा. तू नाताळात हुकूम सोडलास, 'हालिना, ईस्टरच्या आत त्यांच्याकडून किल्ली काढून घे.' तिकडे झोपाळ्यावर बसून बोलायला तुझं काय जातं! तू सांगितलेले सगळे उपाय मी केले. त्या सगळ्या उपायांची काय दशा झाली, ते ऐक.

डॉक्टरांचं म्हणणं तुला माहीत आहे. बाबांना कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच मधोमध काळा डाग येतो. आयुष्यभर फोर्डच्या गाड्यांना पुढची काच बसवणारा माणूस, आणि त्यालाच पुढचं दिसू नये! (मला याचं फार वाईट वाटतं. त्यांना तसं सांगायला गेलं की म्हणतात, काच स्वच्छ ठेव, मग बघू.) तरी ते गाडी चालवत होते, कारण त्यांच्या मते डिअरबॉर्नचे रस्ते त्यांना पाठ आहेत. ते खरंही आहे. फक्त एवढंच की पाठ झालेल्या रस्त्यावर मधल्या काळात लोकांनी खांब रोवले, भिंती बांधल्या, आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही सणाच्या जेवणाची टोपली आशीर्वादासाठी घेऊन चर्चला निघालो, तेव्हा चर्चच्या दारातच फुलांचा नवा वाफा होता. फादर काझिमिर इतरांच्या टोपल्यांतल्या अंड्यांवर, सॉसेजवर पाणी शिंपडत पायरीवर उभे होते. आमची टोपली त्यांनी गाडीच्या खिडकीतूनच आशीर्वादून दिली, कारण गाडी वाफ्यात उभी होती आणि चिखलात उतरायची सोय नव्हती. बाबा त्यांना म्हणाले, 'फादर, रस्त्यात फुलं लावायची कल्पना कुणाची?'

इथपर्यंत मी हसले. पुढच्या आठवड्यात शाळेजवळच्या चौकात जे झालं त्याला मला हसता येत नाही. मी शेजारी बसले होते. पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी रस्ता ओलांडत होती, बरोबर बाबांच्या समोर, म्हणजे बरोबर त्या डागात. मी किंचाळले. त्यांनी ब्रेक दाबला. मुलीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती उड्या मारत पलीकडे गेली. बाबांनी विचारलं, 'काय होतं? कुत्रं?' आणि मी म्हटलं, 'हो बाबा, कुत्रं.' त्या दिवशी मी ठरवलं की आता हसणं बस झालं, किल्ली घ्यायचीच.

किल्ली घेणं तसं सोपं होतं. दाराजवळच्या खिळ्यावरून काढली आणि पिठाच्या डब्यात घातली. दुसऱ्या दिवशी बाबा शिट्टी वाजवत गाडी काढताना दिसले. दुसरी किल्ली देवघरात मातेच्या तसबिरीमागे होती. तीही डब्यात गेली. तिसरी निघाली मागच्या बंपरखाली लोहचुंबकाला चिकटवलेली, चौथी एल्मर टिबेट्सकडे. (हा एल्मर म्हणजे आपल्या समोर राहतो तो केंटकीचा, तू त्याच्या झाडावरून पडला होतास तो.) मी डब्यात किल्ल्या साठवत गेले आणि बाबा नव्या काढत गेले. शेवटी पिठात हात घातला की पिठापेक्षा लोखंडच जास्त लागायला लागलं, तेव्हा तो नाद सोडला.

मग मोठ्या माणसांकडून सांगून बघावं म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी बाहेर येऊन त्यांची गाडी बघितली, स्वीडनची निघाली, विषय मिटला. फादर काझिमिरना घरी बोलावलं. ते बिचारे खसखशीच्या केकच्या आशेने आले, आणि बाबांनी त्यांना पहिला प्रश्न केला, 'फादर, तुम्ही अजून शेवरोलेच चालवता ना?' फादर म्हणाले, हो. झालं. शेवरोले चालवणाऱ्याने फोर्डच्या माणसाला गाडी कशी चालवावी ते सांगायचं म्हणजे काय! तरी फादरनी हिंमत करून विषय काढला. त्यावर बाबांनी आपलं नेहमीचं शस्त्र उपसलं, म्हणजे कंपनीचा इतिहास. तुला माहीत आहेच, नको असलेला प्रश्न आला की ते १९०८ सालापासून सुरुवात करतात.

आधी मॉडेल टी. मग १९१४ साली दिवसाला पाच डॉलर मिळतात ही बातमी पोलंडमधल्या आपल्या आजोबांच्या खेड्यात कशी पोचली, आणि आजोबा कसे एका बुटाच्या जोडीवर इथे आले. मग चालती साखळी, म्हणजे माणसाने गाडीकडे जायचं नाही, गाडीनेच माणसासमोरून सरकत जायचं. (हे सांगताना बाबा हात असा सरकवतात की समोरच्याचा कप कलंडतो. फादरचा कलंडला.) मग १९२७ साली मॉडेल टी बंद झाली, नवी मॉडेल ए तयार होईपर्यंत कारखान्याला महिनोन्महिने कुलूप, आजोबा घरी, आजीने खोल्या भाड्याने दिल्या आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात झोपली. 'त्या एका गाडीने जग चाकांवर चढवलं, फादर, आणि ती गेली त्या दिवशी माझा बाप रडला. लोखंडासाठी रडला!' फादर गलबलले. मग बत्तीस सालचं आठ सिलिंडरचं इंजिन, मग युद्ध, मग गाड्यांऐवजी विमानं. फादर उठले तेव्हा बाबा १९५८ पर्यंत आले होते, म्हणजे एडसेलपर्यंत. ती गाडी कुणीच घेईना, तिच्या तोंडाकडे बघून लोक रस्त्यात हसायचे, आणि आपल्या बाबांनी मात्र कंपनीला वाईट वाटू नये म्हणून घेतली. तुला आठवतं ना, आपण एवढे मोठे झालेले, तरी तिच्यातून चर्चला जाताना सीटखाली लपायचो? फादर निघताना मला दारात म्हणाले, 'फार मोठा माणूस आहे तुझा बाप.' मी म्हटलं, आणि किल्लीचं काय? त्यांना आठवेना आपण कशाला आलो होतो. केक मात्र आठवणीने नेला.

आता तुझा रामबाण उपाय. तू पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, फोनवर दबक्या आवाजात सांगितलंस की बॉनेट उघड, एक वायर ओढून काढ, गाडी चालू होणार नाही, बाबा म्हणतील म्हातारी झाली, प्रश्न सुटेल. दादा, तू ऑफिसात पांढरा शर्ट घालून नोकरी केलीस, त्यामुळे तू एक गोष्ट विसरलास. आपण कुठल्या गल्लीत राहतो? इथे ज्या घराची बेल वाजवशील त्या घरात कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा असतो, आणि तो कधीपासून हाताला काम मिळण्याची वाट बघत बसलेला असतो. मी बाबा झोपलेले बघून दुपारी बॉनेट उघडलं, (तेव्हाच कंबर धरली,) डोळे मिटून एक वायर उपटली आणि एप्रनच्या खिशात घातली. बाबा उठले, गाडी चालू करायला गेले, ती नुसती घुरघुरली. त्यांनी बॉनेट उघडलं. बस्स. फोर्डच्या गल्लीत उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रणच रे!

पहिला आला युसुफ हद्दाद, कोपऱ्यावरच्या लेबनानी घरातला. त्याचा सगळा जन्म वायरिंगवर गेला. त्याने आत डोकं घातलं आणि डोकं बाहेर न काढताच विचारलं, 'बोलेक, इथली वायर कुणी काढली?' बाबा म्हणाले, उंदरांनी. युसुफ म्हणाला, 'या उंदराने एप्रन घातला असणार,' आणि माझ्याकडे बघितलंही नाही, इतका तो सज्जन आहे. घरी जाऊन वायर आणली, बसवली. तोपर्यंत एल्मर पोचला. एल्मरने इतकी वर्षं फक्त डावं पुढचं दार बसवलं. गाडी चालू होण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण आलो आहे तर म्हणून त्याने डावं दार काढून पुन्हा बसवलं. आता ते असं लागतं की आवाजही होत नाही, लागलं की नाही ते हात लावून बघावं लागतं. मी म्हटलं, मिस्टर टिबेट्स, आता उजवंही करून टाका, ते फार खडखडतं. तर तो दोन पावलं मागे सरकला. 'उजवं स्टॅशचं.' (कारखान्यात उजवी दारं बसवायचा तो त्याचा जोडीदार.) अहो, पण स्टॅश वारले! 'वारला, पण दार त्याचंच.' मला हसू आलं, पण त्या तिघांना नाही आलं. तिघेही त्या उजव्या दाराकडे बघत टोप्या काढून उभे राहिले. मग मी आत जाऊन कॉफी केली.

त्या कॉफीच्या वेळी बाबा जे बोलले ते तुला सांगायला हवं. युसुफने चेष्टेत विचारलं, आपण तिघं मिळून एक अख्खी गाडी बनवू शकू का रे? तिघांनी हिशेब केला. वायरिंग होईल, डावं दार होईल, पुढची काच होईल. तेवढंच. बाबा म्हणाले, 'माझ्यासमोरून मस्टँगसुद्धा सरकत गेल्या. मिनिटभर माझ्यापुढे असायच्या. काच बसवायची, रबर दाबायचं, गेली. कुठे गेली, कुणी घेतली, त्या काचेतून कुणी काय बघितलं, देव जाणे.' एल्मर म्हणाला, 'मी तर दार लावून दिलं, आत कोण बसलं तेही माहीत नाही.' एवढी मोठी कंपनी आणि आयुष्यभराची नोकरी, आणि हे लोक कॉफीवर बसून असं बोलतात, तेव्हा मी आपली उठून पुन्हा कॉफी ओतते.

गाडी आता आधीपेक्षा छान चालत होती. म्हणजे तुझ्या उपायाने मी धोका दुरुस्त करून बाबांच्या हातात दिला होता. म्हातारे घरी गेल्यावर माझा संताप संताप झाला. जेवायला बसलो, बाबांनी सूपमध्ये चमचा घातला आणि म्हणाले, उद्या बाजारात जाऊ, गाडी बघ कशी पळते. मी भांडं आपटलं आणि सरळ सांगितलं, 'बाबा, ते कुत्रं नव्हतं.'

त्यांनी विचारलं, कुठलं कुत्रं? मी म्हटलं, शाळेजवळचं. मुलगी होती. त्यांनी चमचा सूपमध्येच फिरवला. मग विचारलं, 'केवढी?' मी सांगितलं, दुसरी-तिसरीत असेल. 'लागलं का तिला?' नाही बाबा, तुम्ही थांबवलीत. 'मी नाही थांबवली. तू ओरडलीस.' चमचा ठेवला, उठले आणि गॅरेजात गेले. मी मागे गेले नाही, माझी छाती झाली नाही. खिडकीतून बघितलं, तर गाडीत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले होते. मग उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून पलीकडे गेले, आणि ते खडखडणारं उजवं दार उघडून आत बसले. आतूनच हाक मारली, 'हालिना, इकडे ये. बस तिथे.'

दादा, मी सत्तावन्न वर्षांची. डिअरबॉर्नमध्ये गाडी चालवता न येणारी बाई शोधायची तर लोक दुर्बीण घेऊन हिंडतील आणि शेवटी माझ्याच दारात येतील. सोळाव्या वर्षी बाबांनी शिकवायला घेतलं, मी ती एकोणपन्नास सालची फोर्ड गॅरेजच्या भिंतीत घातली, ते एवढे ओरडले की मी शपथ घेतली, जन्मात पुन्हा नाही. जन्मभर बसने फिरले. आणि आता हा दिसत नसलेला माणूस मला म्हणतो, किल्ली फिरव!

तेव्हापासून रोज सकाळी बंद पडलेल्या दुकानाच्या मोकळ्या आवारात आमची शाळा भरते. बाबा कानाने शिकवतात. 'पाय काढ, इंजिन रडतंय.' 'टायर घासला, फार वळवलंस.' 'आता बरोबर. आता ती खूश आहे.' एकदाही ओरडले नाहीत. युसुफ आणि एल्मर मागे बसतात. युसुफ दिव्यांबद्दल सूचना करतो. एल्मर फक्त उतरताना बोलतो, दार माझ्या पद्धतीने लाव. आणि बाबा एक हात समोरच्या काचेला लावून बसतात आणि सारखं विचारतात, 'काय दिसतंय? सांग, काय दिसतंय?' मी सांगते. खांब, कबुतर, लाल ट्रक, आईच्या टोपीसारखी टोपी घातलेली बाई. आधी मला वाटायचं, शिकवण्याचा भाग असेल. आता माहीत आहे की त्यांना खरंच बघायचं असतं. आयुष्यात मी त्यांच्याशी एवढी बोलले नव्हते.

तेव्हा दादा, तुझं काम झालं. किल्ली माझ्याकडे आहे, बाबा गाडी चालवत नाहीत, तू आता निवांत झोप. वहिनीला सांग की तिने पाठवलेला संत्र्यांचा मुरंबा बाबांना आवडला (मला नाही). दोघंही जपून राहा. मगरीला दगड मारू नकोस.

तुझी, अजूनही धाकटीच,
हालिना

ता. क. काल मी लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले. परीक्षक चांगला होता, पण मी सवयीने त्याला सगळं सांगत बसले. खांब, कबुतर, टोपीवाली बाई. सांगता सांगता लाल दिवा राहून गेला. तेव्हा आज या घरात गाडी आहे, चालू आहे, झकास आहे, आणि कायद्याने ती चालवू शकेल असं एकही माणूस नाही. वर 'काम झालं' असं लिहिलंय ते तेवढ्यापुरतंच खरं धर. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे.

ता. क. दुसरं. हे लिहायचं की नाही, यावर सकाळपासून विचार करते आहे. परीक्षा देऊन आल्यावर रागाने पर्स टाकायला डिकी उघडली. गाडी घेतल्यापासून मी ती कधी उघडली नव्हती, तिथे कुणाला हात लावू द्यायचा नाही, हा बाबांचा नियम. आत बाबांची तपकिरी बॅग होती. तिच्यात त्यांचा लग्नकार्याचा सूट, दोन मासेमारीच्या काठ्या, बिनबाह्यांचे नवे शर्ट लेबलसकट, आणि कोबीच्या लोणच्याच्या बरण्या कागदात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर मोठ्या वाकड्या अक्षरांत 'झिगी'. मी विचारलं, बाबा हे काय? ते आधी मॉडेल टीवर गेले. मी म्हटलं, बाबा, आज नको. मग म्हणाले, 'आई गेली तेव्हा झिगी म्हणाला होता, कधीही या. पंचाहत्तर नंबरचा रस्ता इथून निघतो तो थेट त्याच्या गावाजवळून जातो, वळायचंसुद्धा नाही. म्हटलं, डोळे आहेत तोवर स्वतः चालवत जाऊ, त्याला दाखवू. रोज थोडी सवय ठेवत होतो.' मी म्हटलं, मग त्याला सांगितलं का नाही? 'कधीही या म्हणाला होता ना. परत काय विचारायचं?'

तू सहज म्हणून गेला असशील. लोक म्हणतात तसं. त्यांनी ते खरं धरलं. मी ईस्टरपासून त्यांच्या मागे किल्ली किल्ली करत फिरले, तू नाताळापासून फोनवरून फिरलास, आणि तो माणूस तुझ्याकडेच यायला निघाला होता.

तेव्हा माझं एक मागणं आहे, आणि फोनवर सबबी सांगू नकोस, ते अंगणातून ऐकतात. तू ये. विमानाने ये, गाडी इथे आहे. त्यांना उजवीकडे बसव आणि घेऊन जा. तुम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कधीच सुचलं नाही, मला माहीत आहे. पण वाटेत तुला दुसरं काही बोलावं लागणार नाही. समोर काय दिसतंय तेवढं सांगत राहा.